सुजेवर काहीतरी द्या : मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बावीस वर्षं मी सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवतो. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे खाली कोणाचं निदान केलेलं नाही. पण ‘दादा, सुजेवर काहीतरी द्या’ हे वाक्य दिवसातून दहादा तरी कानावर पडतं. पाठीमागे चार जण उभे असताना त्याला धड उत्तर देता येत नाही. ते इथं सावकाश लिहिलं आहे.

सूज आणि ‘इन्फ्लमेशन’ एकच का?

नाही, आणि निम्मा घोळ इथंच होतो. आपण मराठीत दोन वेगळ्या गोष्टींना सूज म्हणतो. पाय मुरगळला की घोटा टम्म फुगतो, लाल होतो, हाताला गरम लागतो आणि ठणकतो. ही दाहाची सूज, डॉक्टर जिला इन्फ्लमेशन म्हणतात ती. सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं पहिल्या शतकात तिच्या चार खुणा लिहून ठेवल्या: लाली, सूज, उष्णता, वेदना. आजही त्या तशाच शिकवल्या जातात. पुढं कुणीतरी पाचवी जोडली, ती म्हणजे त्या अवयवाचं काम थांबणं.

दुसरी सूज म्हणजे पाणी साचणं. संध्याकाळी दोन्ही पाय जड होतात, चपलेचा पट्टा रुततो, नडगीवर अंगठा दाबून धरला की खड्डा पडतो आणि तो लगेच भरून येत नाही. लाली नसते, ठणका नसतो. हे दुखणं हृदयाचं, मूत्रपिंडाचं, यकृताचं असू शकतं. कधीकधी कारण अगदी साधं निघतं: अम्लोडिपिन. रक्तदाबाच्या या गोळीनं बऱ्याच जणांचे घोटे सुजतात. अशा सुजेवर दाहाची गोळी घेतली तर शरीर आणखी पाणी धरून ठेवतं आणि सूज वाढते.

म्हणून गोळी काढायच्या आधी मी तीन गोष्टी विचारतो. एका पायाला की दोन्ही? गरम लागते का? दाबल्यावर खड्डा पडतो का? गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू द्यावं.

दाह वाईटच ना? मग तो दाबलेला बरा.

काटा घुसला, हाड मोडलं, जंतू शिरले की तिथं रक्ताचा ओघ वाढतो, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि डागडुजी सुरू होते. ती डागडुजी म्हणजेच दाह. दोन-चार दिवसांत काम संपवून तो निघून गेला तर त्याच्याशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते मुक्काम ठोकणाऱ्या दाहाशी. आमवातात शरीराची फौज स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते, आणि तिथं नुसती वेदना दाबून भागत नाही.

दुखण्याची गोळी आणि सुजेची गोळी वेगळी असते का?

असते. पॅरासिटामॉल ताप आणि दुखणं कमी करते, सुजेवर तिचा प्रभाव नगण्य. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब ही मंडळी दाहावर काम करतात. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांच्यामुळे ठणका आणि सूज येते. या गोळ्या ते उत्पादनच रोखतात. ॲस्पिरिन असं काम करते हे जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवलं आणि 1982 साली त्यांना नोबेल मिळालं. तोवर जग सत्तरेक वर्षं ॲस्पिरिन खात होतं, का लागू पडते हे नीट न कळता.

अडचण अशी, की हीच रसायनं जठराचं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा नीट ठेवतात. गोळीला गुडघा कुठला आणि जठर कुठलं ते कळत नाही. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

चिठ्ठीशिवाय काय मिळतं?

खरं तर फार थोडं. स्ट्रिपवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं असतं. डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब, सगळी स्टेरॉइड्स त्यात येतात. आमच्या व्यवसायात हा नियम किती पाळला जातो ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. निदान एवढं लक्षात ठेवा, की दुकानदारानं न विचारता दिली म्हणून गोळी निरुपद्रवी ठरत नाही. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला 2011 पासून बंदी आहे, तरी ‘मोठ्याची अर्धी करून देऊ का?’ असं विचारणारे आईबाप अजून येतात.

स्वतःहून घ्यायचीच तर आयब्युप्रोफेन 200 ते 400 मिलिग्रॅम, पोटात काहीतरी असताना, दिवसभरात 1200 च्या वर नाही आणि तीन-चार दिवसांच्या वर नाही. पॅरासिटामॉल दिवसाला 4 ग्रॅमच्या आत, म्हातारी माणसं आणि दारू घेणाऱ्यांनी त्याहून बरीच कमी. दोन स्ट्रिपा एकत्र घेण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचा. ‘अंगदुखीची’ म्हणून घेतलेल्या गोळीत 325 पॅरासिटामॉल असते आणि वर तापाची 650 वेगळी घेतली जाते. हिशेब कुणीच करत नाही.

बीपीची गोळी चालू आहे. सुजेची चालेल का?

हा प्रश्न न विचारणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते.

द्राक्षाच्या खरड छाटणीचे दिवस होते, म्हणजे एप्रिलचं ऊन. साठीतले एक काका रोज सकाळी डायक्लोफेनॅक घेऊन बागेत जायचे. कंबर धरते, गोळीशिवाय वाकवत नाही, असं म्हणायचे. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी, दोन्ही एकाच टॅब्लेटमध्ये. दिवसभर घाम, पाणी कमी. तीन आठवड्यांनी त्यांचा मुलगा रिपोर्ट घेऊन आला. मूत्रपिंड नीट चालतंय का ते दाखवणारं क्रिएटिनिन दोनच्या वर गेलं होतं. गोळी बंद केल्यावर आकडा उतरला, हे त्यांचं नशीब. त्यांना गोळ्या माझ्याच दुकानातून जात होत्या, आणि बीपीची औषधंसुद्धा. दोन्ही वेळेला काउंटरवर वेगळी पोरं होती.

टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखं बीपीचं औषध, लघवीची गोळी आणि दाहाची गोळी हे त्रिकूट मूत्रपिंडाला महागात पडतं. त्यात शरीरातलं पाणी आटलेलं असेल तर आणखीच. शिवाय दाहाच्या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो तो वेगळाच. बीपी 140/90 च्या वर राहत असेल तर इटोरिकॉक्सिब घेऊच नये. हृदयासाठी रोजची बारकी ॲस्पिरिन चालू असेल तर आयब्युप्रोफेन तिच्या कामात आडवी येते. बीपी, मधुमेह, हृदय, मूत्रपिंड यांतलं काही असेल तर निदान ‘मला अमुक औषध चालू आहे’ एवढं तरी दुकानात सांगा.

सोबत पित्ताची गोळी घेतली की झालं ना?

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल जठर वाचवतात, ते खरं. मूत्रपिंड आणि हृदय वाचवत नाहीत. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं तर पित्ताची गोळी वाढवत बसू नका. आतून रक्त जात असतं.

गोळीत ‘सूज उतरवणारं एन्झाइम’ असतं, ते चांगलं का?

सेराशिओपेप्टिडेज. आपल्याकडे दाढ काढा, हाड मोडा, ऑपरेशन करा, ही गोळी चिठ्ठीवर असतेच. ते मूळ विकणाऱ्या जपानी कंपनीनं, टाकेडानं, 2011 साली स्वतःहून बाजारातून काढून घेतलं, कारण नव्या चाचणीत ते औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आपल्याकडे ते अजून जोरात खपतं. मीही विकतो, कारण चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. स्वतःहून मागाल तर मात्र पैसे वाचवा म्हणेन.

जेल किंवा मलमानं खरंच फरक पडतो?

गुडघ्याला, बोटांच्या सांध्यांना पडतो. डायक्लोफेनॅकचं जेल लावलं तर तोंडानं घेतलेल्या गोळीच्या मानानं सहा टक्क्यांच्या आसपासच औषध रक्तात पोचतं, म्हणून जठर-मूत्रपिंडावरचा भार बराच कमी. गुडघेदुखीत गोळीच्या आधी जेल वापरून पाहावं असंच आता सांगितलं जातं. लोकांना ‘गुण येत नाही’ त्याचं कारण बहुधा असं, की वाटाण्याएवढं लावतात आणि तेही फक्त रात्री. एका गुडघ्याला एका वेळी चार ग्रॅम लागतं, दिवसातून तीन-चारदा. तीस ग्रॅमची ट्यूब दोन-तीन दिवसांत संपायला हवी. आमच्याकडे ती महिनाभर पुरते. कंबर आणि खुबा मात्र खोल असतात, तिथं जेलकडून फार अपेक्षा ठेवू नका.

ज्या बामला विंटरग्रीनचा वास येतो त्यात मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनचं भावंड. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर तेही चोपडू नका.

बर्फ लावू की शेकू?

ताजी इजा, गरम लागणारा सांधा: बर्फ, फडक्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. जुनं आखडलेलं दुखणं: शेक. कळत नसेल तर ज्यानं बरं वाटतं ते करा, यात कुणी नापास होत नाही. मुरगळल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही पाय उशीवर ठेवून पडून राहणं मात्र चुकीचं. हळूहळू हलवायला लागा.

हळदीनं दाह कमी होतो का?

मी सांगलीचा, त्यामुळे हळदीविरुद्ध बोलायची सोय नाही. आमच्याकडे हरिपूरला जमिनीत पेवं काढून हळद साठवायचे आणि 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. हळदीचा मान दुसऱ्या एका कारणानंही वाढला. जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 साली दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, तेव्हा तिचे प्रमुख गोव्याच्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर होते, ते 1997 साली रद्द करायला लावलं. मुद्दा हा होता की आमच्या आज्यांना हे आधीपासून माहीत आहे.

पण आजीला माहीत असणं आणि गुडघ्याला पुरणं यात अंतर आहे. हळदीतला गुणकारी भाग कर्क्युमिन, तो हळदीत साधारण तीन टक्के. चमचाभर हळदीत शंभर मिलिग्रॅम धरा. गुडघेदुखीच्या ज्या अभ्यासांत फायदा दिसला त्यांत रोज हजार मिलिग्रॅमच्या आसपास दिलेलं असतं. म्हणजे दहा चमचे. त्यात ते आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही. मिऱ्यातल्या पिपरिनसोबत दिल्यावर शोषण वीस पटींनी वाढतं हे बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 साली दाखवलं, आणि तेव्हापासून कर्क्युमिनच्या कॅप्सूलमध्ये मिरी घालायची पद्धत पडली.

मग कॅप्सूल घ्यावी का? सौम्य गुडघेदुखीत दोन महिने करून पाहायला हरकत नाही. पित्ताशयात खडे असतील, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. जास्त शोषल्या जाणाऱ्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. स्वयंपाकातली हळद घालत राहा, फक्त फार भडक पिवळी दिसली तर जरा संशय घ्या. रंग यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिसं, मिसळणारे आहेत.

आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप, निर्गुडीचा पाला, बिब्बा?

मुक्या मारावर आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लावा, खुशाल. कातडी फाटलेली नसली म्हणजे झालं. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधला तर पाला राहू द्या, शेक तरी मिळतोच, आणि त्या उग्र वासानं आजारी माणसाला काहीतरी चाललंय असं वाटतं. मी हे चेष्टेनं म्हणत नाही.

बिब्बा मात्र नको. सांध्यावर बिब्ब्याचं तेल लावून भाजून घेतलेले, पाण्यानं भरलेले फोड आलेले पाय मी दरवर्षी एक-दोन तरी पाहतो. मधुमेह असेल तर त्या फोडाची जखम महिनोन्‌महिने रेंगाळते.

गुळवेलीचा काढा, आयुर्वेदिक पुड्या चालतील?

इथं दोन गोष्टी वेगळ्या करू. चांगल्या वैद्यांकडे रीतसर उपचार घेणं ही एक. आमवात, वातरक्त (युरिक ॲसिडचं दुखणं), संधिगत वात (सांध्यांची झीज) ही नावं त्यांचीच आहेत आणि तीन दुखणी तीन वेगळी आहेत हे त्यांनी फार पूर्वी ओळखलं. शल्लकीवर, म्हणजे सालईच्या डिंकावर, गुडघेदुखीसाठी बरे अभ्यासही झालेत.

दुसरी गोष्ट म्हणजे बिननावाची पुडी. एका मावशींची गोष्ट सांगतो. हाताची बोटं सुजलेली, बांगड्या चढेनात. कुणीतरी लांबच्या गावच्या माणसाची पुडी आणून दिली. चार दिवसांत मावशी भाकऱ्या थापायला लागल्या. गल्लीत चर्चा. सहा महिन्यांनी त्या दुकानात आल्या तेव्हा चेहरा पुरणपोळीसारखा गोल झाला होता, साखर तीनशेच्या वर आणि हातावर नुसतं बोट लागलं तरी काळे डाग पडत होते. लेबल नसलेल्या पुडीनं चार दिवसांत जुनाट सूज उतरली तर तिच्यात स्टेरॉइड दळलेलं असण्याची शंका आधी घ्यावी. त्यांना मी एकच कळकळीनं सांगितलं: पुडी एकदम बंद करू नका, ती घेऊन डॉक्टरकडे जा. का, ते पुढच्या उत्तरात आहे.

गुळवेलीबद्दल: 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. माझ्यापुरतं सांगतो. जी वनस्पती ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ म्हणून घ्यायची, ती प्रतिकारशक्तीच उलटलेल्या आजारात का घ्यायची, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

स्टेरॉइडला लोक इतकं घाबरतात ते बरोबर आहे का?

निम्मं बरोबर. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिझोन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. 1950 साली नोबेल मिळालं. चमत्कारच होता. लोक चमत्काराला भुलले, डोस वाढत गेले आणि दुष्परिणाम नंतर कळले: साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, चेहरा सुजणं, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग. आपण त्याची अगदी जवळून झलक 2021 मध्ये पाहिली. कोविडमध्ये डेक्सामेथासोननं ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव वाचवले, आणि त्याच दिवसांत अनियंत्रित साखर व स्टेरॉइडच्या माऱ्यातून महाराष्ट्रात काळी बुरशी पसरली. औषध एकच.

दम्याचा जोराचा झटका, तीव्र ॲलर्जी, आमवाताचा भडका: पाच-सात दिवस डॉक्टरांनी दिली तर घ्या, घाबरून अर्धी करू नका. लांब चालली तर एकदम सोडू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं उत्पादन बंद करतात. तीन आठवड्यांहून जास्त घेतल्यावर अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. डोस पायरीपायरीनं उतरवायचा असतो आणि ती पायरी डॉक्टर ठरवतात.

जाता जाता: गोरं होण्यासाठी किंवा गजकर्णासाठी दुकानातून ट्यूब नेता ना, तिच्यातही बऱ्याचदा तेच असतं. गजकर्ण आधी विझल्यासारखं वाटतं, मग वणव्यासारखं पसरतं.

सकाळी बोटं आखडतात. वय झालं म्हणून असेल ना?

किती वेळ आखडतात ते घड्याळ लावून बघा. उठल्यावर दहा-वीस मिनिटांत मोकळी होत असतील तर बहुधा झीज. तासभर मूठ वळत नसेल, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागत असेल, धुण्याचा पिळा पिळता येत नसेल, दोन्ही हातांना सारखंच होत असेल आणि हे सहा आठवडे चाललं असेल, तर आमवाताची शंका घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे जा. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट दिसतो आणि आपल्या बायका दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. एकदा वाकडी झालेली बोटं नंतर कुठल्याही गोळीनं सरळ होत नाहीत. नुसत्या डायक्लोफेनॅकवर काढलेली दोन वर्षं म्हणजे आग लागलेल्या घरात घंटा बंद करून झोपणं आहे.

मेथोट्रेक्झेट लिहून दिलंय. गूगल म्हणतं कॅन्सरचं औषध आहे!

आहेच. येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या आंध्रच्या शास्त्रज्ञाच्या अमेरिकेतल्या चमूतून ते पुढं आलं आणि कॅन्सरला लागणारा डोस फार मोठा असतो. आमवातात साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदा. ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द पक्के लक्षात ठेवा, कारण ही गोळी रोज घेऊन माणसं दगावलेली आहेत. तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी कोसळतात.

तिच्यासोबत फॉलिक ॲसिड असतं, आणि दोन्ही गोळ्या बऱ्याचदा बारक्या, पिवळसर, हुबेहूब. म्हातारीच्या डब्यात एकत्र पडल्या की संपलं. मी स्ट्रिपवर मार्करनं ‘फक्त रविवार’ लिहून देतो आणि फॉलिक ॲसिड वेगळ्या पिशवीत घालतो. तुमचा दुकानदार लिहीत नसेल तर स्वतः लिहा.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ. रक्त आणि यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी करायच्या, दारू बंद, आणि मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरशी बोलायचं. गरोदरपणात हे औषध चालत नाही. जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असेल तर वर्षाकाठी डोळे तपासा. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये कोविडच्या भीतीनं ही गोळी धडधाकट लोकांनी डबेच्या डबे नेली आणि माझ्या आमवाताच्या पेशंटना द्यायला चार स्ट्रिपा उरल्या नाहीत. तो राग अजून गेलेला नाही.

मोठी इंजेक्शनं, बायोलॉजिक्स?

आमवातात दाह पेटवणारे ठरावीक घटक रोखणारी ही इंजेक्शनं, गोळ्यांनी भागलं नाही तर. महाग असतात, आता भारतीय कंपन्यांची आल्यानं थोडी आवाक्यात. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे. आपल्याकडे दबून राहिलेला क्षयरोग पुष्कळांच्या अंगात असतो आणि या इंजेक्शनांनी तो जागा होतो.

आंबट, वांगं, डाळी बंद करू का?

दह्यानं किंवा लिंबानं सांधे सुजतात याला आधार नाही. पथ्याच्या नावाखाली सगळं सोडून अशक्त झालेली माणसं मी जास्त पाहिलीत. युरिक ॲसिडच्या दुखण्यात, म्हणजे रात्रीतून पायाचा अंगठा पेटतो त्यात, मटण, कलेजी, बिअर आणि गोड पेयं यांना आवर घाला. तूरडाळीच्या वरणाला घाबरू नका, डाळी-भाज्यांमुळे हा धोका वाढत नाही असं मोठ्या पाहणीत दिसलंय.

मासे खाणाऱ्यांसाठी गंमत अशी: बांगडा आणि तारली यांच्यात ओमेगा-3 भरपूर, म्हणून आमवातात उत्तम. पण युरिक ॲसिडवाल्यांना तेच मासे वर्ज्य. एकाच घरात नवऱ्याला हे आणि बायकोला ते असलं तर स्वयंपाक कठीण. जवसाची चटणी दोघांना चालते, मात्र तिच्यातल्या ओमेगा-3 चा थोडाच भाग शरीराला हव्या त्या रूपात बदलतो.

तंबाखू सोडा. सिगारेट-विडीनं आमवाताचा धोका वाढतो आणि औषधं कमी लागू पडतात. मिश्रीनं हिरड्या सडतात, आणि सुजक्या हिरड्यांचं आमवाताशी नातं आहे.

गुडघे झिजलेत, मग चालू की नको?

चाला. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी होतो. याच्या तोडीची गोळी माझ्या दुकानात नाही. खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, दहा आकडे धरून ठेवा, खाली सोडा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. मांडीचे स्नायू घट्ट झाले की गुडघा कमी कुरकुरतो.

वारीला निघतोय. गोळ्या बांधून द्या.

अडीचशे किलोमीटरच्या आसपासची चाल दुखण्याच्या गोळीवर करू नका. दुखणं कळेनासं होतं, इजा होत राहते, घामानं पाणी आटलेलं असतं, आणि मूत्रपिंडाचं काय होतं ते वर काकांच्या गोष्टीत आलंच आहे. जेल न्या, पॅरासिटामॉल न्या, ओआरएसची पाकिटं न्या, आणि नवी चप्पल घालून निघू नका.

सीआरपी वाढलंय, म्हणजे काय?

सीआरपी आणि ईएसआर या दाह मोजणाऱ्या रक्ततपासण्या. सीआरपी वाढलं म्हणजे शरीरात कुठंतरी दाह आहे, एवढंच. कुठं आणि कशानं, ते सीआरपी सांगत नाही. ईएसआर तर वयानं आणि रक्त कमी असण्यानंही वाढतो. आमवातासाठी तपासतात तो आरए फॅक्टर धडधाकट माणसातही सापडतो. अँटी-सीसीपी ही आमवाताचीच दुसरी तपासणी जास्त भरवशाची. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मला पाठवू नका, डॉक्टरला दाखवा.

ताप आहे आणि सांधे धरलेत. सुजेची गोळी?

पावसाळ्यात तर नाहीच. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिननं रक्तस्रावाचा धोका वाढतो. चिकनगुनिया निघाला तर सांधे महिनोन्‌महिने सतावतात. 2006 च्या साथीत आमच्या गल्लीत भिंतीला धरून चालणारी तरणी माणसं होती. बहुतेकांचं आपोआप ओसरतं. तीन महिन्यांच्या वर गेलं तर तज्ज्ञाला दाखवा.

गरोदर आहे, कंबर धरलीय.

पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरला विचारून. पाचव्या महिन्यापासून पुढं दाहाच्या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला धोका असतो.

कोणत्या सुजेला अजिबात थांबू नये?

एकच सांधा अचानक लाल, तापलेला, हलवता येत नाही आणि सोबत ताप: सांध्यात पू असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, विशेषतः ऑपरेशननंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर: रक्ताची गुठळी. ओठ, जीभ सुजून श्वास अडकतोय: गाडी काढा, माझ्याकडे येऊ नका.

म्हशीचा पाय सुजलाय. तिला माणसाची गोळी चालेल का?

हा प्रश्न शहरातल्या दुकानात येत नसेल, माझ्याकडे महिन्यातून दोनदा येतो. नाही चालणार. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. नव्वदच्या दशकापासून पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त संपली ती यामुळे, आणि कारण सापडायला 2004 साल उजाडलं. 2006 साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचू लागले, म्हणून 2015 पासून माणसांचं इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एकाच डोसात येतं. 2023 साली जनावरांसाठी ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही बंदी घातली. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम आहे, ते पशुवैद्य देतात. त्यांचा नंबर काउंटरवरच चिकटवलेला आहे.